अंगणात आखलेली जहाजाची खोली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंगणात जहाजाची खोली आखली आणि तिच्यात बसून चहा पिलो. दुसरं काही नाही. तिनं चुन्याच्या रेघा ओढल्या, मी खाटा उचलून आत ठेवल्या, चहा झाला, कप विसळले. संध्याकाळी भाताचं आधण ठेवता ठेवता ती चुलीपाशी खाली बसली ते उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. त्यावर मी जास्त लिहीत नाही. चौथीतून शाळा सुटलेला माणूस मी, तिच्या मरणाचं मला लिहिता यायचं नाही. तिच्या डोक्याचं लिहितो. असं डोकं मी दुसरं पाहिलं नाही.

आमचं गाव वैनगंगेकडच्या गोरेगाव तालुक्यात. घराच्या मागं लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली भाताची शेतं. पोरगी एकच, जर्मनीत दवाखान्यात नर्स आहे. मागच्या थंडीत तिचा फोन आला की या उन्हाळ्यात तुम्हा दोघांना बोलावते आणि डॅन्यूब नदीत जहाजानं फिरवते. रोज नवीन गाव लागते, जहाज म्हणजे आतून मोठ्ठं हॉटेल.

मी म्हटलं, "कायले? नदीच पाह्याची त वैनगंगा नाई का इथं?"

बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "तुमी गप राहा जी. पोरगी बोलून राहिली ना. बोल बाई, भात देतेत का त्या जहाजावर?"

"देतात आई. पण चिकट असतो."

"चिकट त चिकट. भात हाय ना."

तिच्याकडून तेवढ्यात ठरलं. मग पोरगी फोटो धाडत गेली आणि आम्ही दुपारी जेवणं झाली की पाहत बसायचो. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे फिरले. पायाखाली गालिचा, छताला काचेचं झुंबर, टेबलावर पांढरं कापड आणि एका माणसाच्या जेवणाला इतके चमचे. टॉवेलाचा बगळा करून पलंगावर बसवला होता. ती बगळ्याकडं लई वेळ पाहत राहिली. म्हणाली, "ज्यानं हा केला त्याले माहीत हाय, बगळा मान कशी वाकवते. बांधीतच पाह्यला असंल त्यानं." जहाजातल्या एवढ्या चीजा सोडून तिनं त्या न दिसणाऱ्या माणसाचा हात ओळखला. तिचं असंच होतं.

पासपोर्टासाठी नागपूरला गेलो तर मशीन तिची बोटं घेईना. जन्मभर रोवणा केला, चिखलात रोपं खोचून खोचून बोटांच्या रेघाच झिजल्या होत्या. मी घाबरलो, म्हटलं झालं, गेलं जहाज. तिनं पदरावर एकेक बोट घासून गरम केलं आणि दाबून धरलं. मशीननं घेतलं. तिथला माणूस म्हणाला, "काकी, अब हाथ मत धोना, बाकी की उंगलियाँ भी लेनी हैं." ती म्हणाली, "नहीं धोती बापा, तू जल्दी कर."

शेजारणीला ती सांगे, "तिथं आपन फॉरेनर. इथं गोरा मानूस आला का आपन पाह्यतो, तसे तिथले लोक आपल्याले पाह्यतील."

शेजारीण म्हणे, "मंग पंजाबी ड्रेस घे एखादा."

"काऊन? लुगडंच नेसीन. फुकट पाह्याले भेटून राहिलं त त्याइले चांगलं पाहू दे."

खोली तिनं निवडली. पोरीनं दोन-तीन खोल्यांचे फोटो धाडले होते, त्यातल्या एकीची खिडकी पार जमिनीपर्यंत काचेची. तिनं त्यावर बोट ठेवलं. "हेच. ह्या खिडकीपाशी मी पिढा टाकून बसीन."

पिढा म्हणजे आमच्याकडचं सुतळीनं विणलेलं, वीतभर उंचीचं बसणं. ती जन्मभर त्यावरच बसली. चुलीपुढं, तांदूळ निवडताना, मासे साफ करताना. खुर्चीवर बसली की तिचे पाय लोंबत आणि मुंग्या येत.

मी म्हटलं, "जहाजात पिढा नेते का, येडे? लोक हासतील."

"हासू दे. नदी खाली बसून पाह्याची चीज हाय. खुर्चीवर बसून का आपन बैलबाजार पाहून राहिलो?"

पण पिढा बसतो की नाही हे पाहिल्याशिवाय न्यायचा नाही, असं तिनंच काढलं. घरून ओझं न्यायचं आणि तिथं अडचण करायची हे तिच्यात नव्हतं. पोरीला खोलीचं माप विचारलं. पोरीनं फुटात सांगितलं. आम्ही फूट धरत नाही. खाट विणायची, चटई घ्यायची, गोठ्याचं दार बसवायचं, सगळं हातानं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आणि आमच्या घरी हात तिचा. घर बांधलं तेव्हा मिस्त्री मला नाही, तिला विचारायचा. तिनं मोजलेलं एक दार कधी अडकलं नाही. दीड फुटाचा एक हात, असा तिनं हिशेब केला. दहा हात लांब, सात हात रुंद.

त्या शेवटच्या दिवशी वाकून वाकून तिनं अंगण मोजलं. चुन्यानं भिंती काढल्या, न्हाणी काढली, दार सोडलं. खिडकीच्या बाजूला रेघ मारलीच नाही. "तिकडं नदी," म्हणाली. तिकडं आमची बांधी, उन्हाळी धानाला पाणी भरलेलं. मी दोन खाटा आत लावल्या. मग तिनं पिढा आणला आणि खाट आणि नदीच्या मधात ठेवून पाहिला. पाय ठेवायला जागा उरेना. आडवा ठेवला, उभा ठेवला.

"मी म्हनलं नोतं?" मी हसलो.

तिनं पिढा उचलला, आत नेऊन चुलीपाशी ठेवला. येताना चहा घेऊन आली. म्हणाली, "जाऊ द्या. खाली लुगडं टाकून बसीन." आम्ही खाटेवर बसून बांधीकडं पाहत चहा पिलो. एक बगळा होता पाण्यात. हे मी मनानं जोडून लिहीत नाही, खरंच होता.

पोरगी आली तोवर घर माणसांनी भरलं होतं. भन्तेजी येऊन गेले, तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. अंगण इतक्या पायांनी तुडवलं गेलं की माझ्या भावजयीनं शेणानं सारवून घेतलं. खोली गेली.

संध्याकाळी पोरगी म्हणाली, "बाबा, बोटीचं रद्द करते."

"कर. मी एकटा जाऊन का करू? नदीले का सांगू, तुही माय कोठी हाय म्हनून?"

ती म्हणाली, "आईनं खोली आखली होती म्हणता, फोटोतरी काढायचा."

"कोन काढन? चहा पेत होतो आमी."

"सकाळी दाखवाल मला? कुठं काय होतं, तेवढंच. ते पाहून मग रद्द करते."

सकाळी उठून मी चुना कालवला. दहा हात, सात हात, पाठ होतं मला. माझ्या हातानं मोजत गेलो, रेघा ओढल्या, खाटा लावल्या आणि मागं सरून पाहिलं तर खोली मोठी. तिची अंगणातल्या शेवग्याच्या झाडाच्या अलीकडंच संपली होती. माझी शेवग्याच्या बुडाला टेकली. म्हटलं मोजण्यात चुकलो. पुन्हा मोजली. तेवढीच.

पोरीनं शिलाई मशीनच्या खणातून टेप आणला आणि माझ्या कोपराला लावला. बरोबर दीड फूट. मग तिनं आपला हात पुढं केला. तिचा हात आईवर गेला आहे, लहान, बारीक मनगटाचा. त्याला टेप लावला तर दीड फुटाला पुष्कळ कमी भरला. घरात सगळं तिच्याच हातानं मोजलेलं, म्हणून सगळं जुळायचं. जहाज तेवढं दुसऱ्यानं, फुटात मोजलं होतं.

मी आत गेलो, चुलीपासचा पिढा उचलून आणला आणि खाट आणि नदीच्या मधात ठेवला. बसला. पाय लांब करायलाही जागा राहिली.

"रद्द केलं का?" मी विचारलं.

"नाही. त्यांचं ऑफिस उघडायचं आहे अजून."

"नोको करू. अन् हा पिढा घेऊन जाऊ."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "लोक हसतील म्हणाला होतात ना आईला?"

"हासू दे."

मग पिढा हापशीवर नेऊन धुतला. वाळायला उन्हात ठेवला. एका कोपऱ्याची सुतळी ढिली झाली होती, ती तिथंच बसून कसली.