गाठींची दोरी

घड्याळजीला अंधाराची भीती वाटत नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. खरी गोष्ट वेगळी होती. त्याच्या घरात अंधार आला की त्याला काही करावंच लागत नसे. ते खातं बायकोचं होतं.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. तीन खोल्या, एकीच्या पोटात दुसरी. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल, मधल्या खोलीत खाट, आणि एक पायरी उतरून स्वयंपाकघर. उभा जन्म त्याने त्या टेबलाशी डोळ्याला भिंग लावून काढला. लाईट जायची तीही नेमकी घड्याळ उघडलेलं असताना. मुंगीच्या पायाएवढे स्क्रू ताटलीत मांडलेले, चिमट्यात एखादं नाजूक चाक, आणि एकदम काळोख. जरा हात हलला की एखादा स्क्रू फरशीवर पडून कायमचा परागंदा व्हायचा. म्हणून तो दगडासारखा बसून राही. मग आतून आवाज येई, "हलू नका."

ती यायची. ताटलीवर वाटी उपडी घालायची, चिमट्यातलं चाक अलगद काढून घ्यायची आणि कंदील टेबलावर ठेवायची. मग तो म्हणायचा, "आलीस?" जणू ती परगावाहून आली होती.

पुढे तिचे डोळे गेले. एका दिवसात नाही. कुणी कंदिलाची वात हळूहळू खाली करत न्यावी तसे गेले. दवाखाने झाले, थेंब झाले, चष्म्यावर चष्मे झाले. घड्याळजीने हाय खाल्ली. तिने मात्र बाजारातून सुती दोरी आणवली. थोडं दिसत होतं तेवढ्यात त्याच्याकडून भिंतीत खिळे ठोकून घेतले, आणि टेबलापासून थेट स्वयंपाकघराच्या कोनाड्यापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी ओढली. तिच्यात गाठी तिने स्वतः मारल्या. एक गाठ लागली की चौकट आली. जोडगाठ लागली की पुढे पायरी. आणि शेवटी लिंबाएवढी मोठी गाठ, तिथे कोनाडा. कोनाड्यात काडेपेटी, कंदील, औषधाचा डबा. खाली पाण्याने भरलेली कळशी. वस्तू घेतली की जिथली तिथे ठेवायची, हा त्या घरातला कायदा. एकदा घड्याळजीने काडेपेटी खिडकीत विसरली, तर दिवसभर ती बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तुमचा विसरभोळेपणा तुम्हाला दिसतो. मी त्याला ठेचकाळते."

डोळे गेल्यावरही लाईट गेली की तीच यायची. कंदील पेटवून आणायची, काच पुसलेली, वात सारखी कापलेली. शेजारची वहिनी कधी काडी मागायला आली तर ही दारातच टोला द्यायची, "उजेड मागायला आंधळीच्या दारी आलीस, तुमच्याकडे डोळ्यांचा दुष्काळ पडला की काय?" वहिनी हसायची आणि काडीबरोबर चार गोष्टी घेऊन जायची. गल्ली काळोखात बुडालेली असताना घड्याळजीचं घर तेवढं बोलतं असायचं.

मग ती गेली. दोरी भिंतीवर तशीच राहिली. घड्याळजी जाता-येता तिला हात लावायचा. गरज म्हणून नव्हे. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की आपण मान हलवतो, तसा.

मुलगी दूरच्या शहरात दवाखान्यात परिचारिका होती, तीही तातडीच्या विभागात. अंधारात पडलेली, हाड मोडलेली, वेळेवर औषध न सापडलेली म्हातारी माणसं तिने पोत्याने पाहिली होती. वादळाचे दिवस जवळ आले तशी ती रजा काढून आली. पदर खोचून तिने घर हाती घेतलं. लाल रंगाची झाकणाची पेटी आणली होती. तीत टॉर्च, जादा सेल, मलमपट्टी, गोळ्या, पाण्याच्या बाटल्या, कोरडा खाऊ, शिट्टीसुद्धा. पेटी पुढच्या दाराशी ठेवली, कारण संकट आलं तर माणूस दाराकडे पळतो. काडेपेटीही तिने पेटीतच टाकली. कोनाडा रिकामा करून पुसून घेतला. फुटक्या टाकीचा कंदील भंगारात दिला. आणि दोरी काढली. मळून काळी पडली होती, आणि अंधारात तिच्यात अडकून पडलात तर काय करायचं, असं ती म्हणाली.

घड्याळजी टेबलाशी बसून पाहत होता. दोरी एकेका खिळ्यावरून सुटत होती, आणि मुलगी ती कोपराभोवती गुंडाळत आतल्या खोलीत चालली होती. त्याला बोलायचं होतं. पण लेक एवढ्या लांबून आली, दिवसभर खपली, तिच्या कामात खोडा कसा घालायचा? त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि एका चांगल्या चालणाऱ्या घड्याळाचं झाकण उघडलं.

जाताना तिने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. टॉर्च कुठे, गोळ्या कुठे, फोन कुणाला करायचा. मग चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, स्पष्ट सांगते, राग मानू नका. यंदाचं वादळ तुम्ही एकटे निभावलंत तर ठीक. नाहीतर घराला कुलूप लावून मी तुम्हाला घेऊन जाणार. आईला मी वचन दिलंय."

"माझ्याकडून नाही घेतलं तिने असलं वचन," तो म्हणाला.

मुलगी हसली नाही.

वादळ आलं ते संध्याकाळी. खिडकीची दारं आपटली, गल्लीतल्या पत्र्यांनी थयथयाट मांडला, आणि लाईट गेली. घड्याळजीच्या पुढ्यात घड्याळ उघडं होतं. तो दगडासारखा बसला. सवयीने कान आतल्या खोलीकडे लागले. बाहेर वारा एवढा बोलत होता, पण आतून कुणी काही बोललं नाही.

शेवटी त्यानेच चाचपून ताटलीवर वाटी उपडी घातली. वाटीच्या कडेला लागून काहीतरी बारीक फरशीवर टणकन पडलं. गेला एक स्क्रू.

पेटी दाराशी आहे हे त्याला पाठ होतं. चार पावलांवरच होती. पण पाय काही केल्या दाराकडे वळेनात. हात भिंतीकडे गेला. दोरी नव्हती, खिळे होते. मुलीला ते उपटता आले नव्हते. एक खिळा, मग दुसरा, मग चौकट. खाटेची कड मांडीला लागली. पायरी त्याने बूड टेकून उतरली, लहान मूल उतरतं तशी. कोनाड्यात हात घातला. स्वच्छ पुसलेला गार दगड. त्याला माहीत होतं तिथे काही नाही. तरी त्याने हात पार कोपऱ्यापर्यंत नेला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलगीच.

लाईट गेली असेल ना, लागलं तर नाही ना, सगळं एका श्वासात विचारून झालं. घड्याळजी म्हणाला, सगळं ठीक आहे. पेटी सापडली. टॉर्च लावलाय. लख्ख उजेड पडलाय.



"बाबा, तुमचा आवाज घुमतोय. तुम्ही स्वयंपाकघरात आहात. पेटी तर दाराशी आहे."

त्याने कोनाड्यातला हात बाहेर काढला.

"तुम्ही अंधारात उभे आहात ना?"

बायको जाऊन एवढे दिवस झाले, पण कुणी त्याला असं नेमकं विचारलं नव्हतं. त्याने ओट्याला पाठ टेकली. मग इतके दिवस मनात ठेवलेलं ते बाहेर आलं.

"तुझ्या आईची दोरी कुठे टाकलीस?"

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. त्याच्याकडचा की तिच्याकडचा, कळेना.

"टाकली नाही," मुलगी म्हणाली. तिचाही आवाज आता घुमल्यासारखा झाला होता. "पेटीतच आहे, अगदी तळाशी. गाठी सोडवून धुवायला घेणार होते. रात्रभर बसले, एकही सुटली नाही. आईच्या गाठी त्या. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू खपत होतीस."

मी फोन धरून राहते, तुम्ही पेटीशी जा, असं ती म्हणाली. त्याने तिला फोन ठेवायला लावला. एका हातात फोन आणि एका हातात भिंत, हे त्याला जमणारं नव्हतं.

खिळ्याखिळ्याने तो परत आला. पेटी उघडली. टॉर्च हाताला लागला, तो त्याने बाजूला सारला. बाटल्या, डबे, सेल, सगळं बाजूला सारून तळाशी गेला. दोरीचं वेटोळं हाती आलं. टोक धरून त्याने ते टेबलाशेजारच्या पहिल्या खिळ्याला करकचून बांधलं आणि पुढे निघाला. खिळा लागला की वळसा, पुन्हा पुढे. घड्याळजीचे हात ते, चुकत नव्हते.

पायरीपाशी मात्र चुकले. जोडगाठीची वाट पाहत तो चालत राहिला, गाठ काही आली नाही, आणि पाय सरळ हवेत पडला. दोरीला लटकला म्हणून वाचला. गुडघा तेवढा खरचटला. उरलेली दोरी त्याने कोनाड्यापर्यंत नेली. तिथे मोठी गाठ यायला हवी होती. नुसतंच टोक आलं, उंदराच्या शेपटीसारखं.

थोड्या वेळाने लाईट आली, तेव्हा तो तसाच, ते टोक धरून उभा होता. परत चालत येताना उजेडात सगळं कळलं. मुलीने टेबलाकडून गुंडाळत नेली होती, त्यामुळे वरचं टोक कोनाड्याकडचं होतं, आणि तेच त्याने टेबलाशी बांधलं होतं. लिंबाएवढी गाठ त्याने स्वतःच्या बांधणीत दाबून टाकली होती, आणि जोडगाठ टेबलाजवळच्याच एका वळशात गेली होती.

खुर्चीवर बसून त्याने ती मोकळी केली. बसल्या जागी हात लांब केला की नेमकी मुठीत येत होती.

मुलीचा पुन्हा फोन आला. दोरी बांधली, पण उलटी, हे त्याने सांगून टाकलं. गुडघ्याचंही सांगितलं. कुलपाचा विषय तिने काढला नाही. पुढच्या रजेत येऊन नीट बांधते, म्हणाली.

"राहू दे अशीच," तो म्हणाला. "पायरी मी लक्षात ठेवीन."

"आईने पाहिलं असतं तर हसली असती."

"पाहिलं नसतं," घड्याळजी म्हणाला. "हाताने कळलं असतं तिला. मग हसली असती."

फोन ठेवल्यावर त्याने पेटीतून काडेपेटी आणली आणि मोठ्या गाठीखाली टेबलाच्या खणात ठेवली. फरशीवर ओणवा होऊन स्क्रू शोधला. सापडला नाही. ताटली झाकली, आणि उठून दिव्याचं बटण आपल्या हाताने बंद केलं.

मग खुर्चीत येऊन बसला. गाठ मुठीत धरली. हलू नका, असं आतून कुणी म्हणालं नाही. तरी तो बराच वेळ हलला नाही.