नशीबवान बदकावर माझा संशय

नशिबावर माझा लहानपणापासून विश्वास नाही, आणि बदकांवर तर मुळीच नाही.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं आणि आम्ही नव्या वसाहतीत आलो, तेव्हा मी सातवीत होते. जन्मभर नदीत मासे धरणारे बाबा आता वसाहतीमागच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, जाळं टाकायचे. साचलेल्या पाण्यात त्यांचा अंदाज पार चुकायचा. जाळं रिकामं यायचं. शेजारी त्यांना पनौती म्हणू लागले. शेवटी बाबांनी जाळं गुंडाळून खुंटीला टांगलं आणि साकोलीला बांधकामावर जायच्या गोष्टी करू लागले. मला रडू यायचं. जाळ्याशिवाय ते माझे बाबा वाटतच नव्हते.

रविवारी सकाळी ते शेजारच्या टीव्हीपुढे आम्हा पोरांमध्ये येऊन बसायचे. तेव्हा एक कार्टून लागायचं. त्यातलं बदक एक नंबरचं आळशी. ते झाडाखाली झोपलं की फळ नेमकं त्याच्या चोचीत पडायचं. कोल्हा मागे लागला की कोल्हाच खड्ड्यात. पोरं खिदळायची, मला मात्र राग यायचा. सगळं एकट्या त्याच्याच बाजूनं कसं घडतं? वरून कोणीतरी मुद्दाम फळं टाकतंय, अशी माझी खात्री होती.

बाबांना मात्र बदकाचं नशीब पटलं. पुढच्या बाजारातून ते चक्क एक पांढरं बदक काखेत मारून आले.

"हे बोडीत जेथं बसंल, तेथं जाळं टाकीन," ते म्हणाले.

"बाबा, टीव्हीतलं खोटं असते."

"तू चूप राय. नशीब कोणत्या रूपानं येते, तुले काय मालूम?"

माय काहीच बोलली नाही. माझा पहिला संशय तिथला. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई बदकावर गप्प?

बदक रोज बोडीच्या एकाच कोपऱ्यात, बेशरमाच्या झुडपांजवळ, जाऊन बसू लागलं. बाबांनी तिथं जाळं फेकलं आणि रोहू निघाले. पुढेही निघत राहिले. पनौती म्हणणारेच आता बदकाला हात जोडायचे, एकीनं तर त्याला कुंकू लावलं. बाबा पुन्हा जेवताना बोलू लागले, साकोलीचं नाव बंद झालं. मला आनंद झाला, पण पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी मायवर नजर ठेवली. ती सगळ्यांच्या आधी उठून टमरेल घेऊन बाहेर जायची. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या बाईला कोणी कुठं चाललीस म्हणून विचारत नाही. एक दिवस मी मागोमाग गेले. माय बोडीच्या त्या कोपऱ्यात उभी राहिली आणि टमरेलातून मूठमूठ कोंडा पाण्यात टाकू लागली. बदक धावत आलं. त्याच्याखाली पाणी खदखदायला लागलं, इतके मासे जमले.

मला पाहून ती दचकली. "काहून आली माह्या मागं? बाबाले सांगितलं त तंगडं तोडीन!"

मी ताकास तूर लागू दिली नाही.

मग पावसाळ्यात माय तापानं फणफणली. तिला उठून बसवत नव्हतं. आता कोंडा कोण टाकणार, जाळं पुन्हा खुंटीला जाणार, याच धास्तीनं मी पहाटेच उठले. टमरेल जागेवर नव्हतं.

मी धावतच बोडीवर गेले. बेशरमाच्या झुडपांपाशी बाबा उकिडवे बसले होते, हातात टमरेल. बदक समोर होतं.

"बाबा, तुमाले कवापासून मालूम?"

"मी मासे धरणारा माणूस. मासा कायले जमते, एवढंही मले समजणार नाही का?"

"मंग बदकाचं नशीब, नशीब काहून करता?"

त्यांनी उरलेला कोंडा पाण्यात झटकला. "तिले सांगू नको. तिले वाटते, मले मालूम नाही."

मी त्यांच्या हातातून टमरेल घेतलं, बोडीत विसळलं आणि माय जागी व्हायच्या आत जागेवर ठेवून दिलं.