दाजींचा पक्का बंदोबस्त

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सागिनाली, म्हणजे आमचे दाजी. त्यांना फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं ते स्वतःच सांगतात. आमच्या डोंगरातल्या कोचकोर गावात कुणाकडे बारसं असो नाहीतर लग्न, मटण शिजेपर्यंत बोलायचा मान दाजींचा, आणि अलीकडे त्यांचा विषय एकच: फोनवरचे चोर.

"मोबाइलवर कोड आला ना? आईलासुद्धा सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला, ठेव फोन. पोलीस म्हणाला, ठेव फोन. बक्षीस लागलंय म्हणाला, तर आधी दोन शिव्या घाल, मग ठेव."

म्हाताऱ्या माना डोलावतात. मी असले की विचारते, "दाजी, आणि बायको बोलतेय म्हणाली तर?"

"तिचा आवाज फोनशिवायच पोचतो. तू कुमिस वाढ, कालिपा," म्हणत दाजी घोडीच्या आंबवलेल्या दुधासाठी वाडगा पुढं करतात.

मेव्हणीनं दाजींना छळायचं आणि त्यांनी ते हसत सोसायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. मी ती मनापासून पाळते.

दाजी शहाणे आहेत, नाही असं नाही. जन्मभर गुरांचे डॉक्टर होते, पंचक्रोशीतल्या घोड्यांना दाजींच्या हाताची सवय. पण धाकट्या भावाचा, मामासादिकभाऊजींचा, विषय निघाला की शहाणपण कुठं पळतं कोण जाणे. झालं होतं एवढंच, की एका चुलत पुतण्याच्या लग्नात वाढणाऱ्याच्या गोंधळानं जांबाश, म्हणजे पंक्तीतल्या थोरल्याच्या मानाचं कमरेचं हाड, मामासादिकभाऊजींच्या पुढ्यात आलं. त्यांनी ते दाजींकडे सरकवायला हवं होतं. ते भुकेले होते, गप्पांत रंगले होते, खाऊन मोकळे झाले. तेव्हापासून अबोला. मामासादिकभाऊजी खिंडीपलीकडे आत-बाशीला राहतात. दाजी म्हणायचे, धाकट्यानं आधी यावं. दोघांच्याही दाढ्या पांढऱ्या झाल्या तरी कुणी आलं नाही, गेलं नाही. माझी बहीण आनारकुलताई म्हणायची, "यातला एक दुसऱ्याच्या मातीलाच जाणार बघ." आणि ती रडायला लागली की मला दोघांनाही धरून बदडावंसं वाटायचं.

तर बंदोबस्ताची गोष्ट. सुनेनं दाजींना कुळाच्या ग्रुपसाठी फोनवर खातं उघडून दिलं. पासवर्ड विसरलात तर एका प्रश्नाचं उत्तर देऊन आत शिरता येईल, ती म्हणाली, फक्त उत्तर तुमच्याशिवाय कुणाला माहीत नको. दाजींनी डोळे मिटले, दाढी कुरवाळली आणि प्रश्न ठरवला: माझा सातवा पूर्वज कोण?

"चोमोतोय," मी चहा ओतता ओतता म्हणाले.

"तुला कसं माहीत?"

"लग्न ठरवायला आलात तेव्हा तुम्हीच म्हणून दाखवलंत की. नंतर प्रत्येक पंक्तीत. आमच्या कुत्र्यालाही पाठ असेल."

"तू घरातली. आपल्या रक्ताबाहेर कोण विचारायला येतंय?"

आमच्यात सात पिढ्यांची नावं विचारल्यावर जो अडखळला त्याची मान कायमची खाली जाते. त्यामुळे कुणी विचारायचीच खोटी, माणूस घडाघडा म्हणून दाखवतो, वर न विचारलेली आठवी-नववीही सांगतो. जगातल्या सगळ्या कुलुपांत दाजींनी नेमकं ते निवडलं, ज्याची किल्ली मागणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे बापजाद्यांचा अपमान.

वसंतात फोन आला. मी ताईच्या चुलीपाशी भाकरी भाजत होते. स्पीकरवरचा आवाज तरुण, फार अदबीचा. म्हणाला, आपल्या कुळाची वंशावळ छापायची आहे, आजोबा, तुमच्या शाखेत वरचं एक नाव गळतंय.

"कोड वगैरे मागणार नाहीस ना?" दाजींनी दरडावलं.

"छे छे, आजोबा! कोड कुणालाच देऊ नका. दिवस फार वाईट आलेत."

दाजी असे खूश झाले म्हणता! सातही नावं सांगितली, चोमोतोयचं दोनदा. एका घोडीनिशी त्यानं बर्फातून खिंड कशी ओलांडली तेही सांगितलं. चोरानं बिचाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या गोष्टीच्या नादात मलाही कुलूप आठवलं नाही. फोन ठेवून दाजी ताईला म्हणाले, "आजकालच्या पोरांतही संस्कार आहेत हो."

संध्याकाळी खातं उघडेना. दाजींना वाटलं, नेट गेलं असेल. ते निवांत झोपले.

सकाळी शेजारचा जुमागाझी युर्तचं सामान गाडीत घालून दारात हजर. आमच्याकडे माणूस गेला की अंगणात युर्त, म्हणजे नमद्यांचा गोल तंबू, उभारतात. दाजी धावले, बाह्या सरसावून गाडीतले नमदे उतरवू लागले.

"कोण गेलं रे?"

जुमागाझीच्या हातातून दोर सुटला. "तुम्ही."

कुळाच्या ग्रुपवर दाजींच्याच खात्यावरून दाजी वारल्याची बातमी आली होती. खाली, मातीच्या खर्चाची वर्गणी कुठं पाठवायची तेही. वर्गणी न मागताही पाठवणं हा आमचा धर्म, त्यामुळे लोकांनी रडता रडताच पाठवली होती. तासाभरात अंगण भरलं. जो तो दाजींना चाचपून बघत होता. एका आजीबाईंनी तर चिमटाच काढला.

"पण बातमी टाकली कुणी?" कुणीतरी विचारलं.

"माझं खातं फुटणं शक्य नाही," दाजी सवयीनं म्हणाले. "बंदोबस्त पक्का आहे."

"म्हणजे तुम्हीच टाकलीत?"

अंगणातल्या सगळ्या माना दाजींकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला, आणि ओठांवर आलेली थट्टा गिळली. खातं फुटलं नाही म्हणावं तर माणूस लबाड ठरतो. फुटलं म्हणावं तर इतक्या पंक्तींतली सगळी भाषणं पाण्यात, आणि जन्मभराचा मूर्ख.

तेवढ्यात रस्त्यावरून हंबरडा ऐकू आला. आमच्यात पुरुष मयताच्या घरी लांबूनच रडत येतात, पण ते रीतीचं रडणं वेगळं. हे रडणं ऐकून कुत्रीसुद्धा गप्प झाली. "दादा रे! माझा डोंगर गेला रे!" मामासादिकभाऊजी दोन्ही हात कमरेला धरून, वाकून, टोपी कुठंतरी पडलेली, असे फाटकातून आत आले. वर बघितलं, तर समोर दादा उभा.

आधी त्यांच्या तोंडावर असं काही उमटलं की ताईनं पदराआड तोंड लपवलं. मग त्यांनी गर्दीकडं बघितलं, दाजींच्या धडधाकट खांद्यांकडं बघितलं, आणि चेहरा दगड झाला.

"मी आधी यावं म्हणून मेलास होय?" ते म्हणाले. "खिंडीपासून रडत आलोय मी. गाडीवाला पोरगासुद्धा रडला. जिंकलास. बस आता."

आणि ते फाटकाकडे वळले. दाजी जागचे हलेनात. मी पाठीत गुद्दा घातला, खराखुरा. "बोला ना!"

"मामासादिक!" दाजी ओरडले. "लबाड नाही रे मी. मूर्ख आहे. फोन आला, गोड बोलला, मी खात्याची किल्ली सांगून बसलो. या सगळ्यांना शहाणपण शिकवणारा मी, मीच सांगून बसलो."

मामासादिकभाऊजी पाठमोरेच थांबले.

"कसली किल्ली?"

"पूर्वजांची नावं. वंशावळ छापतोय म्हणाला."

भाऊजी सावकाश वळले. दाढी अजून ओली होती.

"अदबीनं बोलणारा? मलाही आला होता त्याचा फोन."

"तू सांगितलीस नावं?"

"मी कशी सांगेन? थोरला भाऊ बसलाय ना. म्हटलं, आमच्या घरात ते सांगायचा मान दादाचा, त्यालाच विचार." ते जमिनीकडे बघत होते. "मीच दिला त्याला तुझा नंबर."

दाजी दोन पावलं पुढं आले आणि भलतंच विचारून बसले.

"तुझ्याकडे माझा नंबर होता?"

"पाठ आहे," मामासादिकभाऊजी म्हणाले.