दोष चालवणारीचा

बेळगावहून निघायच्या दिवशी मामंजी पहाटेच अंगणात येऊन उभे राहिले. सासरे निरोपाला येणं ही आमच्या घरी मोठी गोष्ट, पण ते मला निरोप द्यायला आले नव्हते. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ते ह्यांना म्हणाले, "बंगळूरचे लोक काय सांगतात ते नीट ऐकून ये. दोष गाडीचा असेल तर दुरुस्त करून आणा. चालवणारीचा असेल तर तिथेच विकून टाका आणि रेल्वेने परत या."

चालवणारी, म्हणजे मी, त्यांच्यापासून दोन हातांवर स्टीअरिंगवर बसले होते. पण बोलणं मुलाशी चाललं होतं.

"मामंजी, रेल्वेची तिकिटं काढणार नाही," मी म्हटलं आणि गाडी चालू केली. ह्यांनी घाईघाईने दार लावून घेतलं.

हे कॉलेजात संस्कृत शिकवतात. चष्म्याची भिंगं इतकी जाड, की संध्याकाळ झाली की समोरून येणारी म्हैस आणि मोटार यांतला फरक त्यांना आवाजावरून कळतो. म्हणून लायसन माझं. कितीतरी वर्षं नंबर लावून आमची काळी चार दारांची गाडी घरी आली, आणि वर्ष व्हायच्या आत तिला खोड लागली. तिचा गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खालीच बसवलेला. चढावर दुसऱ्यातून पहिल्यात टाकायला जावं, की तो मध्येच अडकायचा. पुढे नाही, मागे नाही. गाडीच्या कंपनीच्या हुबळीच्या दुकानात दोनदा नेली. त्यांनी सपाट रस्त्यावर फिरवून आणली आणि दोन्ही वेळा ह्यांना सांगितलं, "गाडी उत्तम आहे. बाई क्लच अर्धवट दाबतात." तेव्हापासून घरात हेच चाललं होतं. भाजी अळणी झाली तरी धाकटे दीर म्हणायचे, वहिनींनी क्लच अर्धवट दाबला वाटतं. त्याच कंपनीचं बंगळूरचं मोठं दुकान म्हणजे आता शेवटचं कोर्ट. ह्यांची रजा दसऱ्यापुरतीच होती.

धारवाड मागे पडलं, हावेरी गेली आणि ऊन चढलं. दावणगेरेजवळ गाडीने वेगळंच नाटक केलं. पेट्रोल चढेना. बॉनेटखालच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकून गाडी झाडाखाली उभी केली, तर समोरचा मंडक्कीवाला धावत आला. मंडक्की म्हणजे आपले कुरमुरे. कांदा-मसाला लावून ते देतात आणि बरोबर मिरचीची भजी.

"ड्रायव्हर यल्लि?" (ड्रायव्हर कुठाय?) त्याने ह्यांना विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने मला पाहिलं, मग वाकून मागच्या सीटवर कुणी झोपलंय का तेही पाहिलं. मी त्याच्याकडून आणखी एक भजं मागून घेतलं. भजी इतकी तिखट होती की फडक्याची गरज गाडीपेक्षा ह्यांना जास्त होती.

चित्रदुर्गच्या अलीकडे खडकाळ टेकड्या सुरू होतात. मोठमोठे धोंडे एकमेकांवर रचून ठेवलेले. ते बघत असतानाच चढावर गिअर अडकला. मी हातब्रेक ओढला, ह्यांनी चाकामागे दगड लावला. हे आमचं आता पाठ झालं होतं. बॉनेट उघडून स्टीअरिंगच्या खांबाच्या पायथ्याशी हात घातला की दोन लोखंडी काड्या लागतात. एक पुढे आणि एक मागे होऊन बसलेली असते. दोन्ही ढकलून एका रेषेत आणल्या की दांडा मोकळा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पाऊस डोक्यावर घेऊन एकदा रस्त्यात तासभर उभी राहिले होते, तेव्हा बघून बघून समजलं. लोखंड तापलेलं असतं, म्हणून हाताला पदर गुंडाळायचा. माझ्या सगळ्या साड्यांचे पदर काळे झाले आहेत.

रात्री तुमकूरला मुक्काम केला आणि सकाळी यशवंतपूरवरून बंगळूरात शिरलो. हवा अशी गार, की मी काच वर केली. बाजाराच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट आणि कोहळ्यांचे ढीग लागले होते. बैलगाडीच्या चाकांनाही झेंडू. ह्यांनी पंचांग सांगितलं, आज नवमी, दसरा उद्या. म्हणजे आज दुकान उघडं, आजच काम उरकेल, असा आमचा हिशोब.

चिकपेटच्या मागे ह्यांची मावसबहीण राहते, रुक्मिणीअक्का. तिच्या सासरचे लोक पिढ्यानुपिढ्या इथलेच. मराठी बोलताना त्यांच्या तोंडात कानडी कधी येते ते त्यांनाही कळत नाही. अक्काने आधी कॉफी दिली, मग उद्दिन वडे (उडदाचे वडे), आणि मग आमचा हिशोब ऐकून कपाळाला हात लावला.

"अय्यो! आज आयुधपूजा की गं! आज इथं कोण पान्याला हात लावतंय? पाने, हातोडे, सगळे पूजेत बसलेत. ते उद्या उठणार."

"मग आज दुकान बंद?"

"बंद कशाला? उघडं. पण कामाला नाही, पूजेला. आपली गाडी बी घेऊन जा. स्वल्प कुंकू लागू दे तिला. सरी (बरं का)?"

आमच्या घरी हत्यारं पुजतात ती दसऱ्याला, तसंच इथेही असेल असं धरून आम्ही तीनशे मैल आलो होतो. ह्यांचा चेहरा पडला. मला मात्र राग आला, आणि राग आला की मला बसवत नाही.

दुकान शिवाजीनगरच्या बाजाराच्या वरच्या अंगाला. समोर गाड्यांची रांग, प्रत्येकीला हार. आत एका लांब टेबलावर सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडलेली, त्यांच्यावर हळदकुंकू. मॅनेजर नंजुंडय्या रेशमी धोतर नेसून कडलेपुरी (कुरमुरे आणि डाळं) वाटत होते. हुबळीला काही वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठी येत होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि उत्तर ह्यांना दिलं.

"सर, रिपोर्ट आला आहे हुबळीहून. गाडीत काय बी नाही. लेडीज लोकांचा पाय हलका असतो की. तुम्ही चांगला ड्रायव्हर ठेवा."

"ड्रायव्हर ठेवून काही होत नाही हो," आमच्यामागून आवाज आला. एक गृहस्थ आपली अगदी आमच्यासारखीच गाडी घेऊन रांगेत उभे होते. निपाणीकडचे, इथे वकिली करणारे. "माझीही अडकते. दोन ड्रायव्हर काढले मी, हात चांगला नाही म्हणून. आता तिसरा आहे, त्याचाही हात चांगला नाही."

नंजुंडय्यांनी त्यांच्याही ओंजळीत कडलेपुरी घातली. "आज सणाचं कशाला? नाळे (उद्या) बघू. स्वल्प ॲडजस्ट करा."

उद्या हे साहेब पुन्हा सपाट रस्त्यावर फिरवून आणणार आणि गाडी उत्तम आहे म्हणणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात आमचा नंबर आला. भटजींनी गाडीला कुंकू लावलं, नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. कोहळा उतरवून फोडला. आता पूजा झालेली गाडी लिंबांवरून नेऊन एक फेरी मारायची असते.

मी किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत नंजुंडय्यांच्या हातावर ठेवली. "माझा पाय हलका. सणाची पहिली फेरी तुमच्या हातची होऊ दे."

पूजेच्या गाडीला नाही कोण म्हणणार? भटजीच म्हणाले, "होगि, होगि!" (जा, जा!). ते बसले. मी त्यांच्या शेजारी, मागे हे आणि आपली गाडी ड्रायव्हरकडे सोपवून वकीलसाहेब. लिंबं चिरडली, सगळे हसले, फाटकाशी नंजुंडय्या उजवीकडच्या रुंद सपाट रस्त्याला वळू लागले.

"डावीकडे," मी म्हटलं. "खाली बाजारात जाऊन वर येऊ."

"तिथं गर्दी असते बाई."

"सणाची गाडी लोकांना दिसू दे की."

बाजारातून वर येताना चढ लागला, आणि देवच पावला. ऊस लादलेली बैलगाडी मध्ये आडवी आली. नंजुंडय्यांनी वेग कमी केला, दुसऱ्यातून पहिल्यात टाकायला दांडा ओढला आणि तो अडकला. त्यांनी पुन्हा ओढला. गाडी मागे सरकायला लागली तसा मीच हातब्रेक लावला. मागे टांगेवाला ओरडू लागला, फुलवाल्या बायका काम सोडून बघायला उभ्या राहिल्या. नंजुंडय्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळून नाकावर आलं.

"क्लच पूर्ण दाबलाय ना?" मी विचारलं.

"दाबलाय की!"

"पाय हलका नाही ना पडला?"

मागून ह्यांना खोकला आला. हा खोकला मी ओळखते, तो हसण्याचा आहे.

"माणूस पाठवून पाना आणवतो," नंजुंडय्या म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. पाने पूजेत बसले होते.

मी उतरले. भर बाजारात बॉनेट उघडलं, पदर हाताला गुंडाळला, आत हात घातला. झेंडूचा हार तोंडावर येत होता तो मानेने बाजूला केला. दोन काड्या, एक ढकल, खट्ट. "आता टाका," मी म्हटलं. पण नंजुंडय्या सरकून माझ्या जागेवर जाऊन बसले होते. मी गाडी वर नेली.

 वाटेत वकीलसाहेब एकदा म्हणाले, "ते दोघे ड्रायव्हर आता कुठे शोधू हो मी?" आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुकानापाशी उतरल्यावर नंजुंडय्या हळूच म्हणाले, "दोष गाडीचा आहे."

"जरा मोठ्याने," हे म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ह्यांचा आवाज वर्गाबाहेर चढलेला मी ऐकला. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले. नंजुंडय्यांनी ते मालकांसमोर, भटजींसमोर आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर पुन्हा म्हटलं. दुसऱ्या दिवशी हत्यारं उठली ती आमच्या गाडीवर. मुहूर्ताचं पहिलं काम. झिजलेले सगळे तुकडे काढून नवे घातले आणि अक्काने वाटेसाठी वड्यांचा डबा दिला.

येताना गाडी लोण्यासारखी चालली. हावेरीपर्यंत. पुढे धारवाडच्या अलीकडच्या चढावर दुसऱ्यातून पहिल्यात टाकला आणि दांडा अडकला.

ह्यांनी दगड शोधला. मी बॉनेट उघडलं.  मग हे म्हणाले, "आता बाबांना काय सांगायचं?"

त्या चढावर उभी असताना मला स्वतःचाच राग आला. मी बंगळूरला गेले कशाला होते? कुणा धोतरवाल्याच्या तोंडून वदवून घ्यायला, की मला गाडी चालवता येते. पूर्ण रस्ताभर ती मीच चालवली होती, अडकली तिथे मीच सोडवली होती, आणि दाखला मात्र परक्याकडे मागत होते. काड्या सरळ केल्या आणि बॉनेट असं आपटलं की बाजूच्या बाभळीवरचे पक्षी उडाले.

संध्याकाळी घरासमोर पोचलो तर फाटक लावलेलं. मामंजी आतून आले आणि गजांतून ह्यांना म्हणाले, "काय म्हणाले ते लोक?"

"मला विचारा, मी सांगते," मी स्टीअरिंगवरूनच म्हटलं. "दोष गाडीचा म्हणाले, नवे भाग घातले. आज दुपारी पुन्हा अडकली."

"मग विकायची?"

"नाही. अडकली की मी सोडवते. ती अशीच अडकणार आणि मी अशीच चालवणार."

मामंजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. मग कडी काढून त्यांनी फाटकाचं एक दार उघडलं, माणूस आत यावा एवढं.

मी इंजिन चालू ठेवलं, हॉर्नवर हात ठेवला आणि दुसरं दार उघडेपर्यंत काढला नाही.