जी कुठेच गेली नव्हती

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही आठवून पाहावं लागतं. मध्य प्रदेशातल्या सौंसरचं एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं आहे. नावं कोणाचीच सांगणार नाही. दोन्ही घरांतली माणसं आजही आपापल्या गावांत राहतात.

पांढुर्णा तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. मी सौंसर ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती आणि पांढुर्ण्याजवळच्या तिगावकडची एक बाई आत आली. बसा म्हटलं तरी बसेना.

"साहेब, माह्या पोरीचा फोन बंदच येऊन राहिला," ती म्हणाली.

तिची मुलगी बोरगावजवळच्या एका शेतकरी घरात दिलेली होती. संत्र्याची बाग, पक्कं घर, माणसं गावात मानाची. मुलगी बेपत्ता असल्याची नोंद आमच्याकडे आधीच झालेली होती आणि ती नवऱ्यानंच केली होती. बायको माहेरी जाते म्हणून निघाली, आपण तिला पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसवून दिलं, ती तिकडे पोचलीच नाही, असं त्यानं लिहून दिलं होतं. लग्नाआधी कॉम्प्युटर क्लासमधल्या एका मुलाशी तिचं बोलणं होतं, त्याच्याबरोबरच पळाली असणार, हेही त्यानं न विचारता सांगितलं होतं. गावानं ते मान्य करून टाकलं होतं.

"मुलीचे वडील का नाही आले?" मी विचारलं.

"ते म्हणते, आपल्यासाठी ते मेली. तिचा फोटोबी उतरवला भितीवरून."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"पळूनच जायचं असतं तं मले सांगून गेली असती, साहेब. माह्यापासून ते काही लपवे नाही."

आयांचं असं बोलणं पोलिसांनी हजारदा ऐकलेलं असतं. बहुतेक वेळा ते चुकीचं निघतं. पण ही बाई रडत नव्हती, हात जोडत नव्हती. तपास करा, एवढंच म्हणत होती. मी तपास स्वतःकडे घेतला.

आधी तो मुलगा शोधला. तो नागपुरात एका मोबाइलच्या दुकानात कामाला होता. ती गेली त्या दिवशी तो दिवसभर दुकानात होता, हे मालकानं आणि तिथल्या कॅमेऱ्यानं सांगितलं. ती बेपत्ता आहे हे त्याला आमच्याकडूनच कळलं. लग्नानंतर तिचा एकदाही फोन आला नव्हता.

मग दूरसंचार कंपनीकडून कॉलचा तपशील आला. तिचा फोन सासरच्या गावातच बंद पडला होता. त्यानंतर आईनं त्या नंबरवर सकाळ-संध्याकाळ फोन लावून पाहिले होते. नवऱ्यानं एकदाही नाही. बायको पळाली म्हणून चिडलेला माणूससुद्धा शिव्या द्यायला का होईना, फोन लावतो. फोन उचलला जाणार नाही हे ज्याला पक्कं माहीत असतं, तोच लावत नाही. मला पहिला संशय तिथे आला. पण संशयावर कोणाला अटक करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. बरोबर एक महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, होती. नवरा, त्याची आई, त्याची धाकटी बहीण, सगळ्यांनी एकसारख्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. बहीण लग्नाची होती, विशीतली. ती जमिनीकडे पाहून बोलत होती. निघताना आमच्या आरक्षकानं पाणी मागितलं आणि ती बहिणीच्या मागे स्वयंपाकघरात गेली. गाडी गावाबाहेर आल्यावर आरक्षकानं रुमालात गुंडाळलेला चष्मा माझ्या हातात दिला.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, वहिनीले चष्म्याबिगर काहीच दिसे नाही. अंगणातबी ते चष्मा लावूनच निघे. हा पलंगाखाली सापडला. दादाले दाखवला नाही. आणि एक सांगितलं, सर. बागेच्या मागच्या धुऱ्याजवळची कोरडी इहीर दादानं वहिनी गेल्यावर बुजवून घेतली. इतकी वर्षं पडून होती, तेव्हा नाही."

सौंसरच्या चष्म्याच्या दुकानदारानं चष्मा ओळखला. तिच्यासाठी त्यानं तो एकच बनवला होता. मी नवऱ्याला चौकशीला बोलावलं.

मी चौकशीत आवाज चढवत नसे. ओरडलं की माणूस सावध होतो. त्याला चहा दिला आणि साध्याच गोष्टी विचारल्या. कोणती साडी होती, हातात काय होतं, बसमध्ये कोणत्या बाजूला बसली. त्याची उत्तरं तयार होती.

"चष्मा?"

"लावला होता ना."

मी चष्मा टेबलावर ठेवला.

"दुसरा असन," तो म्हणाला.

"दुसरा नव्हता. दुकानदार बाहेर बसला आहे."

त्यानं पाणी मागितलं. ग्लास रिकामा करून तो हळू आवाजात बोलला, "ते बोलूनच राहिली होती, साहेब. नर्सिंगले जाईन म्हणे, पांढुर्ण्याले खोली करून राहीन म्हणे. मी नोको म्हणलं तरी थांबून नाही राहिली. मी नुसतं ढकललं."

आरोपी नेहमी अर्धंच सांगतो. गळा दाबल्याचं पुढे शवविच्छेदनात निघालं. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, पण आरोपीनं दाखवलेल्या जागी जे मिळतं ते चालतं. तहसीलदार आणि पंचांसमोर त्यानं विहिरीची जागा दाखवली. यंत्र लावून मुरूम आणि दगड उपसले. बाग तेव्हा फुलावर होती. इतका सुंदर वास सुटलेला असताना आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून उभे होतो.

मुलीच्या आई-वडिलांना ओळख पटवायला आणलं. आईनं बांगड्या ओळखल्या आणि मान हलवली. वडील माझ्याजवळ आले.

"म्हणजे पोरगी पळाली नव्हती ना, साहेब?"

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटकेशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही. क्षणभरच होतं. मग ते बांधावर कोसळून रडायला लागले. आईनं ते ऐकलं होतं आणि पाहिलंही होतं. खटला चालला तोवर ती न्यायालयात त्यांच्या शेजारी बसली नाही.

खटला लांबला. ज्यानं विहीर भरायला ट्रॅक्टर दिला तो फितूर झाला, शेजारी फितूर झाले. घरचीच साक्षीदार काय टिकणार, असं आमचे सरकारी वकीलही म्हणत होते. नणंदेवर दबाव होताच. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. साक्षीच्या दिवशी ती एकटीच बसनं आली. हिंदीत नीट बोलता येत नाही, मराठीत सांगते, असं तिनं न्यायाधीशांना विचारून घेतलं.

बचावाच्या वकिलांनी विचारलं, "सख्ख्या भावाविरुद्ध बोलताना काही वाटत नाही?"

"वाटते," ती म्हणाली. "भाऊ आहे माहा. पण वहिनी माह्याजवळच झोपे, तो मारे तेव्हा."

आरोपीनं पहिल्यांदा मान खाली घातली.

त्याला जन्मठेप झाली. निकालानंतर त्याच्या घरची माणसं जीपमध्ये बसून निघून गेली. बहिणीला त्यांनी हाक मारली नाही. ती आवारातल्या बाकावर बसून राहिली. थोड्या वेळानं मेलेल्या मुलीची आई तिच्याजवळ येऊन बसली.

"जेवली काय?" तिनं विचारलं.

पोरीनं नाही अशी मान हलवली आणि तोंडाला ओढणी लावली. मी तिथून बाजूला झालो. पुढे ती छिंदवाड्याला मामाकडे राहिली, एवढं मला कळलं. घरचं दार तिला पुन्हा उघडलं नाही.

पुढच्या ठाण्यांत मी नव्या अधिकाऱ्यांना एकच गोष्ट सांगत असे. एखादी मुलगी पळून गेली असं कोणी म्हटलं, तर हे सर्वांत आधी कोण म्हणालं ते शोधा. या प्रकरणात ते फक्त एक माणूस म्हणाला होता. बाकीच्यांनी ते पुढच्याला सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत तिचा बापही होता.