राळ लावलेला रेडिएटर

या सदरातल्या पांढऱ्या साडीतल्या बायका आणि उलट्या पायांचे पुरुष वाचून मी आजवर हसत आलोय. मी मोटार मेकॅनिक माणूस. पाणी गळतंय म्हणजे कुठेतरी भोक आहे, आणि भोक आहे म्हणजे पाणी गळणार... एवढंच माझं अध्यात्म. पण एकदा असं भोक पाहिलं की ज्यातून थेंब पडला नाही. ते आठवलं की मला भीती नाही वाटत हो — किळस येते. आज या वयातही हातातला घास खाली ठेवावा लागतो.

गोष्ट साठ-एकसष्ट सालची. मुंबईच्या एका वर्कशॉपात काही वर्षं काढून मी कणकवलीला परतलो होतो आणि एक जुनी व्हॅन विकत घेतली होती. आधीचा मालक तिच्यातून बर्फात घातलेली मासळी घाटावर न्यायचा. मी फळ्या घासल्या, फिनेल ओतलं, उन्हात उभी करून ठेवली, पण वास काही जाईना. वर या महाभागाने काय करावं? रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की मासळीखालचं वितळलेलं खारट पाणीच आत ओतायचं! पहिल्यांदा खालचा कॉक उघडला तेव्हा आधी काही येईचना. तार घालून खरवडल्यावर हिरवट-काळी बुळबुळीत लापशी पडली आणि तिच्यात खवले चमकत होते. शी!

माझी बायको सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मालवणला बंदराजवळच्या वाडीत होती. तिला बघायला मी व्हॅन घेऊन गेलो तर पोचेपर्यंत इंजिन उकळायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो शोधायला. टोपण बघितलं, रबरी पाइप दाबून बघितले, वॉटर पंपाखाली हात फिरवला, सगळं कोरडं. मग रेडिएटर पुसला, त्यावर चुलीतली राख फासली आणि पाणी भरलं. ओल कुठून उतरते ते राखेत बरोबर दिसतं. खालच्या टाकीचा कोपरा ओला झाला. तिथली पपडी खरवडली तर मिठाने खाल्लेलं पितळ बिस्किटासारखं चुरलं आणि बोट जाईल एवढं भोक पडलं. कथलाचा डाग द्यायला गेलो, तर डाग धरायला धड पितळच उरलं नव्हतं.

आता दुसरा रेडिएटर मागवायचा, तोवर गाडी इथेच, असं ठरवतोय तोच सुमनची मावशी आतून धावत आली. सुमनला आई नव्हती, मावशीच सगळं बघायची. कळा सुरू झाल्या होत्या, आणि दिवस अजून भरले नव्हते. डॉक्टर आले. मूल आडवं आहे, इथे सुटका होणार नाही, आजच्या आज कोल्हापूरला न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील, असं स्पष्ट सांगून गेले. एसटी सुटून गेली होती. मी सगळा बाजार पालथा घातला. गावात एक टॅक्सी होती, ती वेंगुर्ल्याला गेलेली. हात हलवत परत आलो, तर माझे सासरे व्हॅनखाली उताणे पडलेले.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवणं हा त्यांचा धंदा. कापूस, राळ आणि माशाचं तेल कढवून तो चिकटा फटीत ठोकून ठोकून भरायचा. त्यांच्या हाताला, पंच्याला, पाटाला, पाण्याच्या तांब्याला तोच वास. त्यांच्या शेजारी जेवायला बसलो की मी श्वास कोंडून घास गिळायचो. या माणसाने मी नसताना माझ्या रेडिएटरच्या भोकात तीच घाण ठासली होती आणि वरून तेलाचा हात फिरवत होता.

माझं डोकंच फिरलं. अहो, होडी गार पाण्यात असते, रेडिएटर उकळतो! राळ वितळणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी त्यांना नाही नाही ते बोललो. म्हाताऱ्याने हात पंच्याला पुसले आणि म्हणाला, "आतला पाणी भायर काय नि भायरला आत काय, पाणी ताच. तुमी माज्या चेडवाक घेवन जावा, जावयबापू. मी हंय आसंय."

आपल्या मुलीला न्या, मी इथे आहेच, म्हणत होता. न नेऊन करतो काय? दुसरा उपायच नव्हता. पाण्याचे डबे भरून घेतले, मागे गादी टाकून सुमनला निजवलं, मावशी तिच्या उशाशी बसली आणि आम्ही निघालो.

तो वास सांगू नये. तापलेलं माशाचं तेल, जळकी राळ आणि त्या फळ्या. सुमन कळांनी कण्हायची आणि मध्येच ओकायची. कणकवली मागे पडली, फोंडा आलं, घाट सुरू झाला. अर्ध्या घाटात पुढून धूर यायला लागला, तशी गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडलं. राळ वितळून खाली ओघळली होती, कापूस जळून लोंबत होता. भोक सताड उघडं. संपलं सगळं, म्हटलं. टोपणावर गोणपाट टाकून ते हळूहळू सैल केलं, वाफ जाऊ दिली आणि आत बघितलं... पाणी गळ्यापर्यंत. खळाखळा उकळतंय आणि खाली रस्ता कोरडा.

मी खाली वाकलो. भोक आतून बुजलेलं होतं. काहीतरी फिकट, गुलाबीसर, पाण्यात फार वेळ राहिल्यावर कातडीला पडतात तशा सुरकुत्यांचं. काडीने टोचलं. मऊ होतं ते. दबलं आणि परत वर आलं. मग मान वाकडी करून नीट बघितलं, तेव्हा कडेला नख दिसलं. माणसाचं.

तिथेच भडाभडा ओकलो. मावशी मागून काय झालं म्हणून विचारत होती. काय सांगणार, कपाळ? सुमनचे ओठ पांढरेफटक पडले होते. आत जे काय होतं ते तिथेच राहू दे, एवढंच मला हवं होतं. बॉनेट आपटलं आणि गाडी काढली.

दिवेलागणीच्या जरा आधी कोल्हापूर गाठलं. दवाखान्याच्या माणसांनी सुमनला उचलून दाराच्या आत नेलं आणि त्याच क्षणी व्हॅनखाली धबाधबा पाणी सुटलं. वाकून बघितलं तर नुसतं रिकामं भोक. रात्री ऑपरेशन झालं. मुलगी. दोघी जगल्या.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना सांगायला मी एसटीने मालवणला गेलो. दारातच घाण वास आला, आणि तो माशाच्या तेलाचा नव्हता. मामा पडून होते. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सुटून आली होती, खाली पू, नख गळून पडलेलं. मी तोंड फिरवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "चेडू बरा आसा मां?"

शेजारच्या काशीबाईने सगळं सांगितलं. आम्ही निघालो तसे मामा घरापुढच्या खळ्यात पालथ्या घातलेल्या होडीपाशी जाऊन बसले आणि एका फळीवर बोट दाबून धरलं. जेवले नाहीत, चुलीजवळ फिरकले नाहीत. दुपारनंतर घामाने निथळत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उठा म्हटलं तर म्हणाले, "आता बोट काढलंय तर चेडू जातला माजा." दिवे लावायच्या आधी त्यांनी आपणहून हात उचलला, तो असा होता.

डॉक्टर म्हणाले, उकळत्या पाण्यात बराच वेळ बोट धरल्याशिवाय असं भाजत नाही. बोट मुळातून काढावं लागलं. मी मामांना किती वेळा खोदून विचारलं. माका काय म्हायत नाय, यापलीकडे ते मरेपर्यंत बोलले नाहीत. मी पुढे आयुष्यभर रेडिएटर खोलले, जोडले, पण याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कळवा.

मुलगी मामांचाच हात धरून चालायला शिकली. बोट नव्हतं नेमकी त्याच फटीत ती आपली मूठ घट्ट बसवायची. मला बघवत नसे. मामांनी दुसरा हात पुढे केला तर ती रडायची.