पास झालेला पुठ्ठा

चिमटेबाईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या पोटामार्फत. त्यांनी मला नाव विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. हातातला लोखंडी चिमटा उघडला, माझ्या बेंबीशेजारचा ऐवज दोन बोटांत धरला आणि चिमट्याच्या तोंडी दिला. मी जी आरोळी ठोकली ती ऐकून शेजारच्या शेडमधली खोकी आपोआप घड्या होऊन खाली बसली, असं लोक अजून सांगतात. गेटवरच्या पहारेकऱ्याने आग लागली असं समजून भोंगा वाजवला. सहाशे माणसं आवारात गोळा झाली. बाई शांतपणे चिमट्यावरचा आकडा वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हलू नका, अजून बरंच बाहेर राहिलंय." त्या दिवशी माझं पोट मोजायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एखादा माणूस शेत मोजून, बांधावर डुलकी काढून परत आला असता.

आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. खोक्यावर 'ही बाजू वर' असं छापतात, ते वरच्याच बाजूला छापलंय ना हे बघण्याचं बौद्धिक काम माझ्याकडे होतं. बाई कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका. एके वर्षी कुठून तरी मोठी पाहणी आली. प्रत्येक कामगाराची कंबर फितीने मोजायची, चरबी चिमट्याने मोजायची, आणि भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात बघून त्याला कार्ड द्यायचं. हिरवं, पिवळं किंवा लाल. पिवळ्या-लालवाल्यांच्या दंडाला दर महिन्याला पट्टा बांधून रक्तदाब बघायचा. हिरव्यांना पट्टा नाही, कारण पाऱ्याचं यंत्र एक आणि माणसं सहाशे. मला अर्थातच लाल कार्ड मिळालं. ते इतकं लाल होतं की खिशातून बाहेर दिसायचं.

फॉर्मात आणखी एक रकाना होता : 'आजी-आजोबा कुठले?' आमच्याकडे तीन मुलुखांची माणसं. काही बेटांवरून आलेली, दारातून आडवी शिरणारी. काही थंड प्रदेशातली, उंच, लालबुंद. आणि आम्ही इथले. हातापायांच्या काड्या आणि मध्ये एक गाठोडं, किंवा तेही नाही. तो रकाना सगळे भरत होते आणि बघत कुणीच नव्हतं. बाई बघायला लागल्या.

बाईंचं एक विचित्र होतं. पट्टा बांधून, नळ्या कानात घालण्याआधी त्या आकडा सांगायच्या. माझ्या वेळी म्हणाल्या, "एकशेचौपन्न." पारा चढला, उतरला, आणि एकशेचौपन्नावर थांबून त्याने जणू बाईंना सलाम ठोकला. मी हसलो.

"बाई, लॉटरीची तिकिटं काढा."

"हसू नका. मला ऐकू येतं."

"नळ्या तर गळ्यात आहेत तुमच्या!"

"म्हणूनच म्हणते. कुणीतरी दार ठोठावल्यासारखं येतं. तुमचं गादीआडून येतं."

मी पुन्हा हसलो, पण दवाखान्यातून बाहेर पडताना दंडावर हात फिरवून बघितला.

बेटावरचा एक अवाढव्य गडी आमच्याकडे गोंदाच्या यंत्रावर होता. त्याला सगळे 'डोंगर' म्हणायचे. त्याच्या पोटावर बाईंचा चिमटा पुरेना. बाई म्हणाल्या, "एकशेअठरा." पाराही एकशेअठरा म्हणाला. डोंगराचे भाऊबंदही तसेच, पोटं नगाऱ्यासारखी आणि दाब पोरासोरांसारखा. उलट आमच्यातले काही हिरवे कार्डवाले, ज्यांच्या पोटावर चिमट्याला धड पकड मिळत नव्हती, ते नुसते दवाखान्याच्या दारावरून गेले तरी बाई मान वर करायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अशा चौदा जणांना गुपचूप पट्टा बांधला. नऊ जणांचा पारा एकशेसाठच्या वर गेला. बाईंनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तक्ता वरून आलाय." आमच्याकडे वरून आलेल्या गोष्टींत फक्त पाऊसच अपवाद आहे, बाकी कशालाही कुणी छत्री धरत नाही.

आता बाईंच्या भावाकडे येतो, कारण बाईंचा सगळा जीव तिथे अडकला होता.

बाईंचा थोरला भाऊ आमच्याच कारखान्यात तपासनीस होता. त्याला 'काटा' म्हणायचे. एक तर अंगकाठी तशी, आणि दिवसभर नजर काट्यावर. त्याचं यंत्र असं : पुठ्ठ्याचा तुकडा लोखंडी कड्यात आवळायचा, खालून रबराचा फुगा फुगत जातो, वर काटा चढत जातो. ठरलेल्या खुणेपर्यंत तुकडा टिकला तर पास, नाहीतर फट्! नुसता तळवा ठेवून काटा सांगायचा हा तुकडा कितीला फुटणार. बहीण-भाऊ एकाच मातीचे. त्याच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो त्याने नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलेला : पास झालेला तुकडा पुन्हा दाबात घालायचा नाही. एकदा दाब सोसला की तो आतून सैल होतो, वरून दिसत नाही. दुसऱ्यांदा घातला की उगाच फुटतो आणि सगळा माल बदनाम होतो.

काट्याचं कार्ड हिरवं होतं. पानासारखं हिरवं.

"दादा, दोन मिनिटं दंड दे," बाई रोज म्हणायच्या.

"मी पास आहे."

"कंबरेचं माप पास आहे. दाब कुणी बघितलाय?"

"पास म्हणजे पास. तू त्या छपाईवाल्या गोणीला बांध पट्टा." ही गोणी म्हणजे मी.

"बाबाही असेच काडीसारखे होते."

यावर काटा यंत्राला तेल घालायला लागायचा. त्यांचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, उंबऱ्यात चपलेत पाय घालताना वाकले ते पुन्हा सरळ झाले नाहीत. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या. पाहणीच्या वर्षी काटा सत्तेचाळीस पुरा करत होता.

एका दुपारी मी तपासणीच्या खोलीत गप्पा मारायला गेलो होतो. बाईही नेहमीची विनवणी घेऊन आलेल्या. ही खोली म्हणजे बंद पेटी. पुठ्ठ्याला दमट हवा लागू नये म्हणून काट्याने खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्ट्या लावलेल्या, पंखा काढून टाकलेला. काटा स्टुलावर पायावर पाय टाकून बसला होता. गुडघ्यावर कागदाचा एक पातळ ताव. तेवढ्यात वीज गेली आणि सगळ्या शेडमधली यंत्रं एकदम थांबली. वीस वर्षांत मी त्या कारखान्यात शांतता ऐकली नव्हती. ती कानात बोळ्यासारखी बसली.

आणि मग मला ते ऐकू आलं. टप्... टप्... टप्. कुणीतरी फार सभ्यपणे, पण परत न जाण्याच्या बेताने दार ठोठावत होतं. मी उठून दार उघडून बघितलं. बाहेर कुणी नव्हतं, पुन्हा लावून घेतलं. बाई दाराकडे बघत नव्हत्या. त्या कागदाकडे बघत होत्या. काट्याच्या गुडघ्यावरचा ताव दर ठोक्याला उचलला जात होता आणि खाली पडत होता.

"दादा, पाय खाली घे."

"का गं?"

"कागद हलतोय."

"वारा असेल."

"या खोलीत? फटी तूच बुजवल्यास ना?"

काट्याने कागद दाबून धरायला तळवा ठेवला. आता तळवाही हलायला लागला. आम्ही तिघंही त्या हाताकडे असं बघत होतो, जणू तो चौथ्याच कुणाचा आहे. बाईंचे ओठ हलले. "दोनशे बारा," त्या म्हणाल्या. वीज आली, यंत्रं धडधडली आणि काटा घाईघाईने म्हणाला, "मला काम आहे."

त्या रात्री बाई घरी काय बोलल्या असतील ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाऱ्याचं यंत्र पेटीसकट घेऊन काट्यापुढे उभ्या राहिल्या. चेहरा अगदी भोळा.

"दादा, माझं यंत्र खोटं बोलतंय असं वाटतं. तपासून देतोस का?"

काट्याचे डोळे चमकले. माणूस तपासून घ्यायला तो तयार नव्हता, पण यंत्र तपासणं हा त्याचा धर्म. त्याने रबराच्या नळ्या ताणून बघितल्या, पारा उजेडात धरला, आणि म्हणाला, "यंत्र तपासताना ज्याचं उत्तर ठाऊक आहे असाच तुकडा आधी घालायचा. मी हिरवा. म्हणजे एकशेवीस यायला पाहिजे." आणि स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला! बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नळ्या कानात घालायला मात्र त्याने बहिणीलाच सांगितलं.

दोनशे बारा.

"बिघडलंय," काटा आनंदाने म्हणाला. "पार बिघडलंय. ठेवून जा."

तीन दिवस तो ते यंत्र घेऊन कारखानाभर फिरला. बाई नळ्या धरून मागे. डोंगराला लावलं, एकशेअठरा. मला लावलं, गोळ्या चालू असल्याने एकशेचाळीस. थंड प्रदेशातल्या हिशेबनिसाला, पहारेकऱ्याला, डॉक्टरांनाही लावलं. प्रत्येक आकडा बाईंच्या वहीशी जुळत गेला. दर तीन माणसांमागे काटा पट्टा स्वतःला बांधायचा. दोनशे बारा. दोनशे दहा. दोनशे बारा. तिसऱ्या दिवशी तो हसायचा थांबला.

संध्याकाळी मी खोलीत गेलो तेव्हा त्याच्या पुढ्यात पुठ्ठ्याचे दोन तुकडे होते आणि शेजारी बाई.

"गोणी, हात लावून बघ. जाडी सारखी आहे ना?"

"सारखी आहे."

"हा चारशेला फुटतो. हा दोनशेला. जाडीवर नाही रे, लगद्यावर आहे." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "तो तक्ता कुणाच्या लगद्यावरून केलाय गं?"

"थंड मुलखातल्या लोकांच्या."

"मग आपल्याला कशाला लावला?"

"एकच आला होता, दादा."

काटा बराच वेळ तुकड्यांवरून अंगठा फिरवत राहिला. "आपल्या माणसाची चरबी चिमट्यात येत नाही म्हणजे ती नाहीच असं नाही. आत कुठेतरी बसत असेल."

"असेल."

"बाबांचा किती असेल?"

"दोनशे बारा," बाई म्हणाल्या. क्षणभरही थांबल्या नाहीत.

मी दोघांकडे बघितलं. काट्याने विचारलं, "तेव्हा कुणी मोजला होता?"

"मोजला नव्हता. मी बाबांच्या पाठीला कान लावून झोपायचे."

यंत्रांच्या आवाजात ठोके ऐकू येत नव्हते, तरी काट्याने गुडघ्यावरचे दोन्ही हात उचलून अंगापासून लांब धरले.

त्याच संध्याकाळी तो बहिणीबरोबर डॉक्टरांकडे गेला. गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, रात्री एक. त्याने एकही कधी चुकवली नाही. पुढच्या महिन्यापासून सगळ्या हिरव्या कार्डवाल्यांनाही पट्टा बांधायला सुरुवात झाली. तसा हुकूम कुणी काढला नव्हता. बाई बांधत होत्या आणि डॉक्टर बघत नव्हते.

काटा आता एकसष्ट वर्षांचा आहे, प्रकृती ठीक आहे. चिमटेबाई सहा वर्षांपूर्वी वारल्या. कावीळ झाली होती.